सवत

शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५. नवरात्र चालू होतं. ही टीव्हीसमोर ताट मांडीवर घेऊन उपवासाचे वरीचे तांदूळ निवडत होती आणि मी शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलो होतो. घरात टीव्ही बघायला इस्त्रीचा शर्ट कशाला, हे तिनं विचारलं नाही. ३७ वर्षांच्या संसारात काही प्रश्न तिनं विचारायचे सोडून दिलेत.

चंडीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ चालला होता. १९६३ साली या विमानाचं पहिलं स्क्वाड्रन तिथंच उभं राहिलं आणि ६२ वर्षांनी निरोपही तिथंच. हवाई दल प्रमुख स्वतः मिग घेऊन उडाले. विमानं उतरली तेव्हा त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडवले. इथवर मी ठीक होतो. मग प्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हातात एक दप्तर दिलं आणि निवेदक म्हणाला, "फॉर्म ७००."

हिनं ताटातून मान वर केली.

"अहो, हीच का हो ती माझी सवत?"

"हीच."

"मला वाटलं होतं दिसायला बरी असेल."

आणि पुन्हा खडे निवडायला लागली. मी मात्र उठून गच्चीवर गेलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणा.

लग्नानंतर पहिल्या वर्षी रजेवर आलो असताना मी झोपेत बडबडलो होतो, "सातशे भरला का? सातशे भरला का?" सकाळी हिनं सासूबाईंना विचारलं, यांनी कुणाकडून सातशे रुपये उसने घेतलेत का. खुलासा झाल्यापासून त्या वहीचं नाव सवत पडलं.

हवाई दलात प्रत्येक विमानाची आपली एक अशी वही असते. विमान आज किती उडालं, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, कुठला भाग कधी बदलला, सगळं तिच्यात. उड्डाणाआधीची तपासणी झाली की एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, रेडिओ, वेपन असे सगळे आपापल्या रकान्यात सही करतात. शेवटी पायलट येतो, विमानाभोवती एक फेरी मारतो आणि विमान ताब्यात घेतल्याची सही करतो. आता विचार करा, त्या फेरीत त्याला काय दिसणार? टायर दिसेल, पंख दिसेल. इंजिनाच्या पोटातली पाती, तेलाची गाळणी, एखाद्या नटाला तो सैल होऊ नये म्हणून घातलेली लॉकिंग वायर त्याला दिसत नाही. तिथं त्याला दिसते फक्त माझी सही. ती बघून तो शिडी चढतो.

मी इंजिन फिटर. १९८१ च्या जानेवारीत भरती झालो. मुंबईत कॉटन ग्रीनला निवड, मग बेळगावजवळ सांबऱ्याला कवायत आणि मग थेट मद्रासजवळचं तांबरम. सांबऱ्याला निदान गेटबाहेर चहा मराठीत मागता येत होता. तांबरमला पहिले दोन महिने मी खाणाखुणांवर जगलो.

तिथल्या एका उस्तादांचा धडा मला अजून आठवतो. पुस्तकातला नव्हता. स्टँडवर एक जुनं इंजिन होतं. त्यांनी आमच्यासमोर एका नटावर पाना ठेवला, दोन वेळा जोर लावल्यासारखं केलं आणि कागद फिरवला. "नट मैंने टाइट किया है. सब लोग साइन करो." वॉरंट ऑफिसर माणूस, केस पांढरे. त्यांच्यावर अविश्वास कोण दाखवणार? सगळ्या वर्गानं सह्या केल्या. मग त्यांनी दोन बोटांनी तो नट फिरवून काढला, टेबलावर ठेवला आणि काहीही न बोलता निघून गेले. तास संपायला अजून अर्धा तास होता. आम्ही त्या नटाकडे बघत बसलो होतो.

न बघता सही करायची नाही. एवढंच शिकलो मी तांबरमला. बाकीचं इंजिन नंतर शिकता आलं.

पहिली पोस्टिंग पठाणकोट. साताऱ्याहून एसटीनं पुणे, पुण्याहून झेलम एक्सप्रेस, आणि उतरायचं चक्की बँकला. आता त्या स्टेशनला पठाणकोट कँट म्हणतात, माझ्या तोंडात अजून चक्की बँकच येतं. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि सर्व्हिस नंबर. ती ट्रंक अजून आहे, तिच्यात हिच्या गोधड्या असतात.

तिथं मिग-२१ बिस भेटलं. सांगाडा आपल्या नाशिकच्या ओझरचा, इंजिन ओडिशातल्या कोरापुटचं. आर-२५. इंजिन बाहेर काढायचं तर विमानाची शेपटी मधोमध सोडवून मागं सरकवावी लागते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला गावाकडं बैलगाडीचं चाक काढतात त्याची आठवण झाली होती, आणि तसं मी बोलूनही गेलो. पुढची दोन वर्षं मला सगळे 'बैलगाडी' म्हणत.

या कामात शूरपणा काही नसतो, मोजणी असते. आमच्या डांगरीला खिसे नसत, कारण खिशातून काय पडेल सांगता येत नाही. अवजारांचा फळा असायचा, त्यावर प्रत्येक पान्याची, पक्कडीची बाह्याकृती रंगवलेली. काम संपलं की प्रत्येक जण आपल्या आकारात जाऊन बसला पाहिजे. एक जागा रिकामी दिसली की विमान जमिनीवर. मग रात्र होवो, पाऊस येवो, सापडेपर्यंत शोधायचं. सकाळी उड्डाणं सुरू होण्याआधी ओळीनं उभं राहून टारमॅकवरून खाली बघत चालायचं आणि खडा, तार, बोल्ट जे दिसेल ते उचलायचं, इंजिनानं आत ओढू नये म्हणून. वरीच्या तांदळातले खडे मी हिच्याहून पटकन निवडतो, त्याचं रहस्य हे.

आणि ऐकायचं. पायलट इंजिन बंद करतो तेव्हा ते लगेच थांबत नाही, फिरत फिरत मंदावतं. तो वेळ घड्याळावर मोजायचा आणि कान द्यायचा. कुठं घासल्यासारखं वाजतंय का, ठरलेल्या वेळेआधी थांबतंय का. चांगलं इंजिन शेवटपर्यंत एकसारखा सुस्कारा टाकत थांबतं. पुढं बाळ झोपवताना मी त्याच्या श्वासाकडे तसाच कान लावून बसायचो. ही म्हणायची, "झोपलीये ती. घड्याळ ठेवा खाली."

तेजपूरला नवे पायलट मिग शिकायला यायचे. एकवीस-बावीस वर्षांची पोरं, मिसरूड जेमतेम फुटलेलं. किरणसारख्या हळू विमानावरून थेट ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास धावपट्टीला टेकणाऱ्या मिगवर. मधली पायरीच नव्हती. ती पायरी भरून काढणारं हॉक हे शिकाऊ विमान आलं २००८ मध्ये, मी घरी बसल्यावर सात वर्षांनी. मिगला लोकांनी उडती शवपेटी म्हटलं. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांनी म्हटलं तर मी मान खाली घालतो. पण टीव्हीवर बसून म्हणणाऱ्यांना मला त्या मधल्या पायरीबद्दल विचारावंसं वाटतं.

एक विमान परत आलं नाही. कुठल्या स्टेशनवर ते सांगत नाही. पायलट वेळेत बाहेर पडला, पाठ दुखावली पण वाचला. असं काही झालं की पहिल्या तासात एक गोष्ट होते: त्या विमानाचा फॉर्म ७०० कुलुपात जातो. इंधनाचे, तेलाचे नमुने घेतात. वही माझ्या डोळ्यांसमोर बंद झाली, आणि तिच्यातली इंजिनाच्या रकान्यातली शेवटची सही माझी होती.

पुढचे अकरा दिवस मी रोज रात्री पडल्या पडल्या ती तपासणी पुन्हा करत होतो. टॉर्च घेतला. पाती बघितली. गाळणी बघितली. बघितली ना? की आदल्या दिवशीची आठवतेय? तेच काम हजार वेळा केलेल्या माणसाला नेमकी ती एक वेळ आठवत नाही, हे मला तेव्हा कळलं. पहाटे तीनला उठून मी गॅसचं बटण बघायचो. घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं. चौथ्या रात्री ही उठून शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी बंद केलाय. माझ्या डोळ्यांनी बघून केलाय." मी तरी एकदा बटण फिरवून बघितलंच.

बाराव्या दिवशी कळलं, इंजिनात पक्षी गेला होता. घार असावी. मी त्या दिवशी देवळात जाऊन नारळ फोडला. कशासाठी फोडला याचा विचार मनात आला तसा मी नारळ तिथंच ठेवून घरी आलो. गॅसचं बटण मात्र अजून रात्री दोनदा बघतो.

संसाराचं म्हणाल तर तो रेल्वे वॉरंटवर, म्हणजे रजेच्या प्रवासाच्या सरकारी पासावर झाला. १९८८ ला लग्न, लगेच तेजपूर, आणि तिथं क्वार्टर मिळेना. १९९० मध्ये मुलगी झाली त्याची तार मला पाचव्या दिवशी मिळाली. तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती पालथी पडायला लागली होती. जोधपूरला मात्र चौघं एकत्र राहिलो, पाच वर्षं. तीच आमची खरी वर्षं. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून झोपायचं आणि पहाटे पहिल्या विमानाच्या आवाजानं उठायचं. मुलं केंद्रीय विद्यालयात, त्यामुळे मराठीचा पार खिचडा झाला. मुलगा एकदा गावाकडं आजीला म्हणाला, "आजी, मला भूख लागली, तू काहीतरी बनव ना जल्दी." आजीनं मला बाजूला घेऊन विचारलं, पोराला बोलण्याचा काही त्रास आहे का.

१९९७ ला पुन्हा पठाणकोटची ऑर्डर आली. वडील अंथरुणाला खिळलेले, मुलीची शाळा बदलून बदलून तीन झालेल्या. ही म्हणाली, "आता मी साताऱ्यात थांबते." मी एकटा गेलो. साडेतीन वर्षं.

त्यात कारगिल. २६ मे १९९९ ला हवाई दलाचं ऑपरेशन सफेद सागर सुरू झालं. रजा बंद, झोप हँगरच्या कोपऱ्यात. दुसऱ्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन हल्ल्याच्या वेळी बंद पडलं, ते उडी मारून उतरले आणि पकडले गेले. त्यांना शोधायला खाली गेलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-२१ क्षेपणास्त्रानं पाडलं, ते परत आलेच नाहीत. ही बातमी साताऱ्यात दूरदर्शनवर हिनं बघितली. आठवड्यानं तिचं आंतरदेशीय पत्र आलं. त्यात सगळं होतं, पाऊस, वडिलांची औषधं, मुलीचा निकाल, आणि शेवटी एक ओळ: "इंजिन बंद पडलं म्हणतात. तुमच्या हाताखालचं नव्हतं ना?"

मी उत्तर लिहिलं: "नव्हतं. ते मिग-२७." खाली सही.

पूर्ण सही. बायकोला लिहिलेल्या पत्राखाली पूर्ण सही कोण करतं? पण हात तसा वळायचा. ते पुढं फार महागात पडलं.

जानेवारी २००१ मध्ये सार्जंट म्हणून बाहेर पडलो. वय ३८. ट्रंक, घड्याळ, मेसमध्ये एक भाषण. फेब्रुवारीत मुलीच्या शाळेत पालकसभा होती, आयुष्यातली माझी पहिली. बाई म्हणाल्या, "तुम्ही इतक्या लांब असून प्रगतिपुस्तकावर तुमची सही कधी चुकली नाही हं. नाहीतर इथले बाप बघा." आणि प्रगतिपुस्तक पुढं केलं.

माझीच सही. पहिल्या अक्षराचा वळसा, शेवटच्या अक्षराची खाली ओढलेली शेपटी, खाली तारीख घालायची माझी सवय, सगळं जसंच्या तसं. सहामाही, वार्षिक, पुन्हा सहामाही. एका सहीखाली तारीख होती १२ जून १९९९. त्या दिवशी मी पठाणकोटच्या टारमॅकवर होतो आणि साताऱ्यात एका रकान्यात माझी सही होती.

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. दार लावल्यावर बोललो. फार बोललो. खोटी सही म्हणजे काय, आमच्याकडे त्याला काय शिक्षा असते, न बघता सही करणाऱ्याला आम्ही काय समजतो, सगळं ऐकवलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"पहिल्या वेळी माझीच केली होती," ती म्हणाली. "पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. सगळ्यांच्या पुस्तकावर वडलांची सही आहे, माझ्याच का नाही म्हणाली. मग तुमची पत्रं काढली आणि गिरवली. तीन रात्री लागल्या जमायला."

"पण न बघता..."

"न बघता कुठं?" आता लाटणं थांबलं. "पाढे मी घेतले, निबंध मी लिहून घेतले, गोवरात पंधरा दिवस उशाशी मी बसले. बघितलं मी. सही तेवढी तुमची."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आजही नाही. तांबरमच्या उस्तादांकडे असतं का, याचा मी बरेचदा विचार केलाय. नियमात बघाल तर गुन्हा. पण त्या वहीत ज्यानं काम बघितलं त्याचा रकाना असतो आणि ज्याचं विमान त्याचाही असतो, आणि आमच्या घरात हे दोन रकाने मी कधी नीट आखलेच नव्हते. पुढच्या परीक्षेला मी प्रगतिपुस्तक तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणालो, तुझी कर. तिनं माझीच केली. म्हणाली, आता हाताला वळण पडलंय.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. एका कारखान्यात मुलाखतीला गेलो, समोरच्या तरुण साहेबांनी डिप्लोमा कुठाय विचारलं. मी हवाई दलाचं प्रमाणपत्र दिलं. त्यांनी ते उलटं करून मागं काही लिहिलंय का बघितलं. मग माजी सैनिकांच्या राखीव जागेतून बँकेत कारकून झालो आणि २०२२ ला तिथूनही निवृत्त झालो. जेट इंजिनावरून नोटांवर येणं जड गेलं का, असं विचारतात. गेलं. पण संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, हा नियम कळला त्या दिवशी मला तिथं पहिल्यांदा बरं वाटलं.

आता पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी बँकेत जाऊन सही करायचो. आता मोबाईलसमोर चेहरा धरून डोळे मिचकवायचे. मिचकवले की माणूस जिवंत. मुलगा म्हणतो किती सोपं झालं. झालं खरं, पण मला अजून वाटतं कुणीतरी बघून सही करावी.

घरात जिन्याखाली मी अवजारांचा फळा केलाय, आकृत्या रंगवलेला. हिनं स्वयंपाकघरात तसलं काही करू दिलं नाही, तरी एक दिवस बघितलं तर सांडशीच्या जागी भिंतीवर पेन्सिलनं सांडशी काढलेली. मी काढली नव्हती. खंडेनवमीला फळ्यावरच्या पान्यांना झेंडू वाहिला, शेजारी हिची विळी, आणि नातवानं आणून ठेवलेला टीव्हीचा रिमोट. असू दे, हत्यारच आहे ते.

दसऱ्याला मुलगी पुण्याहून आली होती. रविवारी सकाळी निघाली. ती निघते तेव्हा गाडीची तपासणी माझ्याकडे असते: हवा, ऑइल, कूलंट, ब्रेक लाइट, काच. ती स्टिअरिंगवर बसून हसत असते, पण माझी फेरी पूर्ण होईपर्यंत चावी फिरवत नाही. मी मागं सरकून अंगठा दाखवला की मग निघते. त्याही दिवशी दाखवला.

पाऊण तासानं फोन आला. "पप्पा, आनेवाडी टोलनाक्यावर आहे. तुमचं फडकं माझ्या वायपरला अडकलंय. इथला माणूस म्हणतोय, मॅडम झेंडा लावलाय का."

मी जिन्याखाली गेलो. टॉर्च जागेवर. हवेचं मीटर जागेवर. फडक्याच्या आकृतीत फक्त भिंत होती. मी काच पुसली, फडकं तिथंच ठेवलं, मागं सरकलो आणि अंगठा दाखवला. न मोजता.

"फेकून देऊ का?" मुलगी फोनवर विचारत होती.

"नको," मी म्हणालो. "डिकीत ठेव. परत आण."

स्वयंपाकघरात ही दूध तापवत उभी होती. "काय म्हणाली? पोचली का?"

काही नाही, असं म्हणणार होतो. मग म्हणालो, "माझं फडकं राहिलं तिच्या गाडीवर."

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. गॅस बंद केला, बटणावर हात तसाच ठेवला.

"सापडलं ना पण?"

"सापडलं."

"मग जुळलं की," ती म्हणाली आणि बटण मला एकदा बघता यावं म्हणून बाजूला सरकली.